शेवटी सगळ्यांचं तारण होईल असं मानणारा ख्रिस्ती राहतो का?

तुम्ही विचारलंय की प्रत्येक माणूस शेवटी तारला जाईल असं तुम्हाला वाटतं, पण मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, याला पाखंड म्हणतात, मग तुम्ही ख्रिस्ती उरता का? उरता. चौथ्या शतकातला बिशप, निस्साचा ग्रेगरी, हेच मानायचा आणि तो आजही संत आहे. 553 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या चर्च परिषदेने त्याच्या आधी असंच मत मांडणाऱ्या ओरिगेन या धर्मपंडिताला पाखंडी ठरवलं, ग्रेगरीला नाही.

हे सगळं मी शिकलो ते भावामुळे. थोरल्याची मुलगी चार वर्षांची असताना गेली, तेव्हापासून त्याने उपासनेला येणं सोडलं. पुढे आई अंथरुणाला खिळली आणि तिचं सगळं त्यानेच केलं. तिला दिसेनासं झालं होतं म्हणून रोज रात्री तिचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, तो वाचून दाखवायचा, स्वतः त्यातलं अक्षरही मानत नसताना. खुणेला गोळ्यांच्या पाकिटाची चांदी दुमडून ठेवायचा. मग आईच्या आधी तोच गेला.

दफन करून परत आलो, तर काका, जे मंडळीचे वडील, म्हणजे तिचा कारभार पाहणारे ज्येष्ठ आहेत, आईच्या पलंगाशी उभे राहून म्हणाले, "वहिनी, आता त्याच्यासाठी प्रार्थना करू नका. वेळ गेली." आई काही बोलली नाही. ते गेल्यावर मला म्हणाली, शास्त्र आण. चांदी गणनेच्या पुस्तकात होती, जिथे पानंच्या पानं नुसती नावं आणि आकडे आहेत. तेसुद्धा तो तिला वाचून दाखवत होता. आई म्हणाली, लूक काढ, पंधरावा. हरवलेल्या मेंढराच्या ओळीवर तिने मला थांबवलं आणि मेंढपाळ किती वेळ शोधतो ते पुन्हा वाचायला लावलं. "सापडेपर्यंत." तीनदा वाचलं मी.

काकांचा आधार बायबलमधल्या मत्तयच्या पुस्तकातलं 25:46. शिक्षाही सार्वकालिक, जीवनही सार्वकालिक. एक संपत असेल तर दुसरंही संपेल. हा मुद्दा हलका नाही, संत ऑगस्टीन या जुन्या धर्मपंडितानेही तोच मांडलाय. पण मूळ ग्रीक शब्द 'आयोनिओस', तो 'आयोन' म्हणजे युग यावरून आलाय. येणाऱ्या युगातली शिक्षा असाही अर्थ निघतो, आणि ती किती काळ चालेल हे त्या शब्दावरून मोजता येत नाही. आता करिंथकरांस पहिलं पत्र 15:22 घ्या. आदामात सर्व मरतात, ख्रिस्तात सर्व जिवंत केले जातील. पहिल्या 'सर्व'मध्ये काका जगातला प्रत्येक माणूस धरतात आणि दुसऱ्या 'सर्व'मध्ये फक्त आमची मंडळी. एका वाक्यात एकाच शब्दाचे दोन अर्थ करायचे, हे मला अप्रामाणिकपणाचं वाटतं, आणि मी ते त्यांना तोंडावर सांगितलंय.

एक सांगायचं राहिलं. याचा अर्थ नरक नाही असा घेऊ नका. ग्रेगरीच्या लेखी ती आग खरी आहे, सोनं गाळावं तशी, आणि पाप जितकं मुरलेलं तितकी ती जास्त सोसावी लागते. खुनी माणूस सहज सुटला असं यात कुठेच नाही. कॅथलिक चर्चची अधिकृत शिकवण नरक सार्वकालिक आहे अशीच आहे, पण सगळे तरावेत म्हणून प्रार्थना करायला तिथे मनाई नाही. तुमची मंडळी कडक असेल आणि तुम्ही तिथे मुलांना शिकवत असाल, तर ते काम हातचं जाऊ शकतं. याची तयारी ठेवूनच बोला.

पण कोणी दफनाच्या दिवशी मेलेल्याच्या आईला वेळ गेली म्हणून सांगत असेल, तर तेव्हा गप्प बसू नका. मी बसलो होतो. आई त्यानंतर अकरा महिने जगली आणि रोज रात्री त्याचं नाव घेऊन प्रार्थना करत राहिली. वहिनींची ती चूक होती असं काका अजून म्हणतात. चूक नव्हती. तुम्हीही कोणासाठी करत असाल तर करत राहा, पाळकांना विचारायला जाऊ नका.