वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यातले घरचे वाचन

शाळा सुरू झाल्या आणि पाऊसही लागला, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. संध्याकाळी मैदान बंद झालेल्या मुलांना काय वाचायला द्यावे, हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत अनेकांनी विचारला आहे. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मुलगी पाच वर्षांची आणि मुलगा दहा वर्षांचा आहे. पाऊस असला की दोघेही मोबाइलकडे वळतात. दोघांना एकत्र बसवून वाचता येईल, असे काही सुचवावे. (एक आई, ठाणे)

उत्तर : दोघांना सारखेच आवडेल असे पुस्तक शोधत बसण्यापेक्षा बैठक एक ठेवावी आणि पुस्तके दोन ठेवावीत. पहिली दहा मिनिटे धाकटीची असावीत. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या मालिकेतील एखादे छोटे पुस्तक किंवा विंदा करंदीकरांच्या ‘एटू लोकांचा देश’मधील एखादी कविता तेवढ्या वेळात सहज होते आणि दहा वर्षांच्या दादालाच ती वाचायला सांगितली, तर त्याचाही सराव होतो. त्यानंतरचा वेळ मोठ्याचा. त्यासाठी आमची निवड जुनीच आहे, पण ती केवळ परंपरा म्हणून केलेली नाही. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ मुळातच रोज रात्री थोडे थोडे सांगण्यासाठी रचलेली आहे. तिच्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, आणि त्या 42 आहेत. आषाढी एकादशीला पहिली रात्र वाचली आणि मध्ये अधिक मास आला नाही, तर रोज एक याप्रमाणे शेवटची रात्र गोकुळाष्टमीच्या आसपास येते. पावसाचे ऐन दिवस अशा रीतीने एका पुस्तकाला बांधून घेता येतात.

हे पुस्तक मुलांच्या हातात देऊन आपण बाजूला होऊ नये, ते मोठ्याने वाचून दाखवावे. 1935 साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकातले कोकणातले घर, त्यातली कामे आणि बोलण्याची रीत आजच्या मुलाला अनोळखी असते, आणि वाचणारा मोठा माणूस शेजारी असला तरच ते अडथळे दूर होतात. पोहायला जायला घाबरणाऱ्या श्यामला आई मारते, तो प्रसंग आला की मुले हमखास थांबवतात आणि ‘हे बरोबर आहे का?’ असे विचारतात. तेथे पुस्तकाची किंवा आईची वकिली करू नये. मुलांना काय वाटते ते ऐकून घ्यावे. एखाद्या रात्री वाचन चार ओळींवर थांबले आणि बाकीचा वेळ बोलण्यात गेला, तर ती रात्र वाया गेली असे समजण्याचे कारण नाही.

जोडीला हाताने करण्याचे एखादे काम हवे असेल, तर तेही याच पुस्तकात सापडते. श्यामला पत्रावळ लावता येत नसते आणि त्यावरून घरात त्याला बोलणी बसतात. ती रात्र वाचून झाली, की पुढच्या रविवारी वडाची किंवा पळसाची पाने आणून चोयांनी पत्रावळ लावून पाहावी. पहिली पत्रावळ गळकी होणार, हे गृहीत धरावे आणि तिच्यावर वरण वाढू नये.

प्रश्न : मुलाला गोष्टींपेक्षा आकडे आणि प्रयोग आवडतात. अशा मुलासाठी पावसाळ्यात घरी काय करता येईल? (एक पालक, नाशिक)

उत्तर : त्याला पर्जन्यमापक करू द्यावा. वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीची, सपाट बुडाची काचेची बरणी आणि एक मोजपट्टी एवढेच साहित्य पुरते. गळ्याशी किंवा बुडाशी अरुंद होणारी बाटली घेतली, तर मोजमाप चुकते; ते का चुकते, हे मुलाने स्वतः शोधून काढावे, हाच या उद्योगातला निम्मा आनंद आहे. बरणी भिंतीपासून आणि झाडांपासून दूर, उघड्यावर ठेवावी. भारतीय हवामान विभाग सकाळी साडेआठला आधीच्या 24 तासांचा पाऊस नोंदवतो, म्हणून घरची नोंदही त्याच वेळी करावी. शाळा सकाळची असेल, तर ती जबाबदारी आजी-आजोबांकडे द्यावी. दिवसभरात 2.5 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला, तर तो पावसाचा दिवस धरतात, आणि 64.5 मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार पाऊस’ म्हणतात. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. स्वतःच्या बरणीतले 30 मिलिमीटर पाहिलेल्या मुलाला हा आकडा जसा कळतो, तसा तो नुसत्या बातमीवरून कळत नाही.

येथून गणिताकडे वळणेही सोपे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की बरोबर एक लिटर पाणी होते. गच्ची 50 चौरस मीटरची असेल आणि 20 मिलिमीटर पाऊस झाला असेल, तर तिच्यावर एक हजार लिटर पाणी पडले. ते गेले कोठे, हा पुढचा प्रश्न मुलगा स्वतःच विचारील.

नोंदवहीत तारखेशेजारी नक्षत्राचाही रकाना असावा. मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही पावसाची नक्षत्रे सूर्याच्या स्थानावरून ठरतात, प्रत्येक नक्षत्र साधारण 13-14 दिवसांचे असते आणि घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्यांच्या तारखा दिलेल्या असतात. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा तो म्हातारा, अशी नावे शेतकरी घरांतून अजून ऐकू येतात. आपल्या भागात आणखी कोणती नावे आहेत, ते मुलाने गावाकडच्या माणसांना फोन करून विचारावे आणि वहीत लिहावे. वाचनासाठी दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ जवळ ठेवावे. चैत्रापासून एकेका महिन्यावर लिहिलेले हे ललित लेख मुलांसाठी नाहीत आणि त्यांची भाषा दाट आहे. पण चालू महिन्यावरच्या लेखातला एखादाच परिच्छेद मोठ्याने वाचला, तर दहा-बारा वर्षांचे मूल दुसऱ्या दिवशी तीच झाडे शोधू लागते.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. पूर्वी ती फास्टर फेणेची सगळी पुस्तके पुन्हा पुन्हा वाचत असे, आता काहीच वाचत नाही. (एक वडील, सातारा)

उत्तर : मुलांची पुस्तके मागे पडली आहेत आणि मोठ्यांची अजून हाती आलेली नाहीत, अशी ही मधली अवस्था असते. तिला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ द्यावी. कादंबरी लहान आहे, वाक्ये साधी आहेत आणि माणदेशातल्या धनगरवाडीवर आलेला कथानायक मास्तर वयाने अगदी तरुण आहे. शेवटी पाऊस दगा देतो आणि वाडी ओस पडते. साताऱ्यात धो धो पाऊस कोसळत असताना त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्याकडे, आभाळ कोरडे का राहते, हा भूगोलाचा धडा त्या वाचनाला आपोआप जोडला जाईल. मात्र पुस्तक तिच्या टेबलावर ठेवून ‘वाचलेस का?’ असे रोज विचारू नये. आपणच ते दिवाणखान्यात वाचत बसावे.

प्रश्न : नातवंडे न्यू जर्सीत आहेत. त्यांना मराठी कळते, पण देवनागरी वाचता येत नाही. दिवाळीपर्यंत काही करता येईल का? (एक आजी, पुणे)

उत्तर : लिपीची घाई करू नये, आधी कानाची सवय लावावी. त्यांच्याकडे शनिवारी सकाळचे आठ वाजतात, तेव्हा उन्हाळी वेळेनुसार पुण्यात संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. ती वेळ वाचून दाखवण्यासाठी राखून ठेवावी. पुस्तकाची चित्रे कॅमेऱ्यासमोर धरावीत आणि पंधरा मिनिटांवर थांबावे. त्यांना श्रावणसरी समजावत बसण्यापेक्षा त्यांच्या खिडकीबाहेर काय दिसते, ते त्यांनी मराठीत सांगावे. ऑक्टोबरात तेथील झाडांची पाने रंग बदलतात, तेव्हा सांगण्यासारखे पुष्कळ असते. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. मुलांच्या आईवडिलांना त्यांच्या लहानपणीचा अंक तेथे शोधायला सांगावे, म्हणजे तेही वाचायला बसतील. दिवाळीला मुलांसाठीचा एखादा दिवाळी अंक टपालाने पाठवावा, आणि त्याच्या मुखपृष्ठावरची अक्षरे ओळखण्यापासून देवनागरीची सुरुवात करावी.

प्रश्न : किती पाने वाचली याचा तक्ता करून बक्षीस द्यावे का? दिवाळीच्या सुटीत पुस्तकांशी संबंधित अशी एखादी सहलही सुचवावी. (एक पालक, कोल्हापूर)

उत्तर : तक्ता करू नये. बक्षीस संपले, की वाचनही संपते आणि मुले पातळ पुस्तके निवडायला शिकतात. सहलीसाठी पाचगणी-महाबळेश्वर रस्त्याजवळचे भिलार योग्य आहे. 4 मे 2017 पासून हे पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते, आणि तेथील घराघरांत साहित्यप्रकारांनुसार मराठी पुस्तके मांडलेली असतात. भर पावसात तेथे धुके आणि ओल यांचाच मुक्काम असतो, म्हणून दसऱ्यानंतरच जावे, आणि कोणत्या घरात बसायचे ते मुलांना ठरवू द्यावे.