उपग्रहाच्या चित्रात केळी पिवळी का दिसली?

प्रश्न : माझी दोन एकर केळी आहे. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या मोफत नकाशात जुलैत बाग पिवळी दिसली, पाच दिवसांनी पुन्हा हिरवी. बागेत फरक काहीच नव्हता. नकाशावर भरवसा ठेवावा का? (एक वाचक, रावेर)

उत्तर : बाग नव्हे, बहुधा आभाळ बदललं. उपग्रहावरचा कॅमेरा जमिनीवरून परतलेला सूर्यप्रकाश १३ पट्ट्यांत, म्हणजे वेगवेगळ्या रंगांत वाटून, मोजतो. पिकाचा हिरवेपणा, म्हणजे एनडीव्हीआय, त्यातल्या दोनच पट्ट्यांवरून निघतो: लाल (बी४) आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त (बी८). बी८मधून बी४ वजा करायचा आणि त्या वजाबाकीला दोघांच्या बेरजेने भागायचं. विरळ ढग किंवा ढगाची सावली आली की हा आकडा घसरतो आणि नकाशा पिवळा पडतो. म्हणून आधी त्याच तारखेचं साधं रंगीत चित्र उघडा. वातावरणाची दुरुस्ती केलेलं ‘एल२ए’ चित्रच घ्या. त्यासोबतचा ‘एससीएल’ थर ढग व सावली वेगळी दाखवतो. मात्र अगदी पातळ ढग त्यातूनही निसटतात.

या दोन पट्ट्यांच्या चित्रातला एक चौकोन (पिक्सेल) म्हणजे जमिनीवरचा १० बाय १० मीटरचा तुकडा. पाच बाय पाच फुटांच्या लागवडीत त्यात चाळीसच्या वर झाडं बसतात, तेव्हा एखाद-दुसरं रोगट झाड दिसणारच नाही. बांधालगतचे चौकोन सोडून द्या, त्यात शेजारचा कापूसही मिसळतो. बाग दाटली की एनडीव्हीआय वर जाऊन अडकतो; तेव्हा लाल आणि निकट-अवरक्त यांच्या मधला ‘रेड एज’ पट्टा (बी५) जास्त सांगतो, पण त्याचा चौकोन २० मीटरचा.

ढगाविना घेतलेल्या सलग दोन चित्रांत तोच कोपरा पिवळा दिसला, तरच तिथे जाऊन आधी ठिबकची नळी तपासा.