लेकीला इन्फेक्शनची डॉक्टर व्हायचंय, आणि मेडिकल कॉलेजातच राहायचंय

नमस्कार ताई,

तुमची लेक एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला, तिला इन्फेक्शियस डिसीजच करायचंय आणि तेही कॉलेजात शिकवत, रिसर्च करत, आणि तुम्ही विचारताय की यात ना अँजिओप्लास्टी ना ऑपरेशन, मग एवढं शिकून पोरीच्या हातात येणार काय.

आधी वर्षं मोजू. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच, एमडी मेडिसिन ३, मग डीएम (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी) ३, म्हणजे साडेअकरा झाली, आणि एमडीची नीट पीजी आणि डीएमची नीट एसएस या प्रवेशपरीक्षांच्या तयारीत बऱ्याच जणांचं एखादं वर्ष जातंच, सरकारी सीटचा बाँड, म्हणजे ठरावीक काळ सरकारी नोकरीची अट, असेल तर तो वेगळा. डीएमच्या सीट मोजक्या, दिल्लीचं एम्स आणि वेल्लोरचं सीएमसी ही त्यातली मोठी नावं.

आता हातात काय येतं ते सांगते. आठ दिवस ताप, मलेरिया डेंग्यू निगेटिव्ह, सेफ्ट्रियाक्झोन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं झालेली, तरी ताप हटेना, अशी शेतात राबणारी बाई वॉर्डात येते. इन्फेक्शनचा डॉक्टर तिच्याशी बोलत बसतो, गवत कापायला गेला होतात का विचारतो, मग अंगभर तपासतो तर परकराच्या नाडीखाली सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली, दुखत नाही म्हणून तिनेही कुणाला दाखवलेली नसते. स्क्रब टायफस, गवताझुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप! २०१८ मध्ये विदर्भात याची साथ होती. डॉक्सिसायक्लिन या साध्या अँटिबायोटिकने बहुतेकांचा ताप दोनेक दिवसांत उतरतो. आणि ती खपली शेजारी उभ्या रेसिडेंटने एकदा बघितली की तो जन्मात विसरत नाही, कॉलेजात राहण्याचं मोल मला तिथे दिसतं.

पैसा कार्डिओलॉजीएवढा नाही, हे खरंच आहे आणि लेकीलाही स्पष्ट सांगा. पण कोविडनंतर मोठ्या खासगी हॉस्पिटलांतही या लोकांना मागणी वाढलीय, उपाशी राहायची वेळ नाही येत हो. आयसीयूत मेरोपेनेमसारखं जोरदार अँटिबायोटिक चालू असताना सीनिअर सर्जनला "सर, हे आता बंद करूया" म्हणायला मात्र अभ्यासही लागतो आणि छातीही.

डीएमचं आत्ताच ठरवायची घाई नको, एमडी मेडिसिनला लागली की सगळ्या वाटा उघड्या राहतात. फक्त पेशंटपेक्षा लॅबमध्येच जास्त रमत असेल तर एमडी मायक्रोबायोलॉजीचा विचार करा, ते काम वेगळं. आणि रिसर्च खरंच जमतो का ते बघायला आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा एसटीएस हा विद्यार्थ्यांचा रिसर्च प्रोजेक्ट करू दे, दोन महिन्यांचा असतो, एमबीबीएस, बीडीएसच्या मुलांसाठी आहे. त्याला गाइड लागतो, तेव्हा फॉर्म सुटायची वाट न बघता मेडिसिनच्या एखाद्या सरांना किंवा मॅडमना याच आठवड्यात भेटून ये म्हणावं.