नवीन प्रिंटर घेऊ नका, आधी हे बघा

भाऊ, तुम्ही लिहिलंत की तुमच्या कृषी केंद्रातल्या कंप्यूटरवर विंडोज १० चं ११ झालं, त्या दिवसापासून डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि जुनं बिलिंग दोन्ही बंद, आणि दुकानदार म्हणतो प्रिंटर जुना झाला, नवीन घ्या. घेऊ नका. काल सकाळपर्यंत पावत्या काढणारा प्रिंटर विंडोज बदलल्यानं म्हातारा होत नाही.

मी पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, गाड्या तोलायचा काटा चालवतो. आमच्याकडेही असंच झालं, फक्त प्रिंटरच्या जागी आम्हाला काट्याचा इंडिकेटर, म्हणजे वजनाचे आकडे दाखवणारं यंत्र, नवीन घ्यायला सांगितलं होतं. त्याची किंमत ऐकून मालक खुर्चीतून उठले होते.

झालं असं. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. मुनीमजींच्या कंप्यूटरवर जीएसटी, बँक सगळं चालतं, तो बदलणं बरोबरच होतं. पण त्यासाठी तालुक्याहून आलेला माणूस म्हणाला, आलोच आहे तर काट्याचाही करून देतो. मी मालकांना स्पष्ट सांगितलं, सीझन होऊ द्या. पेरणीच्या दिवशी कोणी तिफण खोलून बसत नाही. मालक म्हणाले, "कंप्यूटर म्हणजे कंप्यूटर, त्याले कायचा सीझन?" हा आमचा जुना वाद आहे आणि आजही मी माझ्याच बाजूनं आहे.

काट्याच्या कंप्यूटरवर ३२ बिटचा विंडोज १० होता (विंडोज १० हा ३२ आणि ६४ बिट अशा दोन प्रकारांत यायचा, ३२ म्हणजे जुना प्रकार). तो मीच मुद्दाम टाकून घेतला होता, कारण आमचं काट्याचं सॉफ्टवेअर डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातलं, फॉक्सप्रो नावाच्या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅममधलं. असली १६ बिटची, म्हणजे ३२ हूनही जुन्या प्रकारची सॉफ्टवेअर ६४ बिटच्या विंडोजवर उघडतच नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतो. ३२ वरून ६४ वर जायचं तर वरच्या वर अपग्रेड होत नाही, सगळं पुसून नव्यानं टाकावं लागतं. त्या माणसानं तेच केलं. काट्याच्या कंप्यूटरवर काय चालतं हे त्यानं विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटपासून रोडपर्यंत गाड्या. इंडिकेटरवर लाल आकड्यात वजन बरोबर दिसतंय, आणि स्क्रीनवर काहीच नाही. ट्रॉलीवरून एक जण ओरडला, "काऊन बापा, पावती काऊन नाई देऊन राह्यला?" मालक म्हणाले हातानं लिहून दे. नवीन गाड्यांना दिलीही. पण ज्यांचं भरलेलं वजन आदल्या संध्याकाळी झालं होतं त्यांचं काय? त्यांचा कापूस खाली झालेला, गाडीचं खाली वजन (रिकाम्या गाडीचं) आता होणार, आणि भरलेला आकडा त्या न उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. आमच्याकडे पक्की पावती खाली वजनानंतरच निघते. शेतकऱ्याचा वर्षाचा माल आहे, तो तुमच्या तोंडी आकड्यावर काऊन विश्वास ठेवेल? त्यांचं रागावणं शंभर टक्के योग्य होतं.

रोज रात्री काट्याचा डेटा पेनड्राइव्हवर घ्यायची माझी सवय. फॉक्सप्रोची फाइल डीबीएफ असते आणि ती एक्सेलमध्ये सरळ उघडते. मुनीमजींच्या कंप्यूटरवर ती उघडली, शेतकऱ्यांना आत बोलावलं आणि गाडी नंबर, वेळ, वजन ज्याचं त्याला स्क्रीनवर दाखवलं. एकाही गाडीचा वाद राहिला नाही. त्या दिवशी मालक मला काही बोलले नाहीत, पण पेनड्राइव्हला 'नाटक' म्हणणंही तेव्हापासून बंद झालं.

मग इंडिकेटर. तो खराब असता तर लाल आकडेच आले नसते. म्हणजे दोष इंडिकेटर आणि सॉफ्टवेअर यांच्या मधे कुठेतरी. इंडिकेटरची सीरियल वायर यूएसबी केबलवरून कंप्यूटरला जाते. डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली जोडलेल्या सामानाची यादी) उघडला तर पोर्टच्या नावावर पिवळं चिन्ह आणि सरळ लिहिलेलं की केबलमधली चिप २०१२ पासून बंद झाली आहे, विक्रेत्याशी बोला. नव्या ड्रायव्हरनं (विंडोज आणि सामान यांना जोडणारं छोटं सॉफ्टवेअर) जुन्या चिपला नकार दिला होता, बस. माझ्याजवळच्या पेनड्राइव्हवरून ३२ बिटचा विंडोज १० परत टाकला, जुना ड्रायव्हर टाकला. विंडोजनं केबलच्या पोर्टला कॉम ७ हा नंबर दिला होता, सॉफ्टवेअरला कॉम १ लागतो. पोर्ट सेटिंगमधल्या अॅडव्हान्स्डमध्ये जाऊन नंबर बदलला. अंधार पडायच्या आत त्याच केबलवर, त्याच इंडिकेटरवर काटा सुरू. नवीन एक रुपयाचं सामान लागलं नाही.

आता तुमचं. अपग्रेडला दहा दिवस झाले नसतील आणि ते पुसून केलेलं नसेल, तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत 'गो बॅक' मिळेल, आजच दाबा. नंतर जुन्या विंडोजचं फोल्डर आपोआप पुसलं जातं. परत जायचं नसेल तर प्रिंटरला 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली' हा विंडोजमधलाच ड्रायव्हर लावून बघा, साधं इंग्रजी बिल त्यावर निघतं. मराठी फॉन्टचं बिल असेल तर मात्र निघणार नाही, कंपनीचाच ६४ बिटचा ड्रायव्हर शोधावा लागेल. बिलिंग डॉसमधलं आहे की विंडोजमधलं, हे तुम्ही लिहिलं नाही. डॉसमधलं असेल तर ११ वर ते सरळ उघडणार नाही. विंडोजमधलं असेल तर बहुतेक चालतं, पुन्हा इन्स्टॉल करून बघा.

जुना विंडोज ठेवलात तर त्या कंप्यूटरची नेटची वायर काढा, वायफायही बंद करा. अपडेट नसलेल्या मशीनवर बँक आणि जीएसटी करायचं नाही, त्याला दुसरा कंप्यूटर ठेवा. आणि तुमच्या घरीही कोणी "कंप्यूटर म्हणजे कंप्यूटर" म्हणत असेल तर त्याला सांगा, यंत्राला वायरनं जोडलेला कंप्यूटर त्या यंत्राचाच भाग असतो. त्याला हात लावायचा तर सीझन संपल्यावर, जुन्या डिस्कची पूर्ण कॉपी बाजूला ठेवून, आणि तो रोज वापरणाऱ्या माणसाला विचारून.

कॉपी नसेल तर बिलिंगचं फोल्डर आज संध्याकाळीच पेनड्राइव्हवर घ्या, दुरुस्तीवाला यायच्या आधी.