शेव्हेलच्या मागच्या एअर बॅगेत हवा किती ठेवायची?

प्रश्न: नमस्कार सर, आमच्याकडे 1970 ची शेव्हरले शेव्हेल आहे, लेफ्ट हँड ड्राइव्ह, काकांनी जिवापाड जपलेली, आता माझ्याकडे आलीये. मागच्या कॉइल स्प्रिंगच्या आत बसतात त्या रबरी एअर बॅग टाकून घेतल्या, दोन्हीला वेगवेगळे वॉल आहेत, किटवर जास्तीत जास्त 35 पीएसआय लिहिलंय. अमेरिकेतली मंडळी सांगतात पॅसेंजर साइडला हवा जास्त ठेवा, म्हणून मेकॅनिकने डावीकडे 25 आणि उजवीकडे 10 भरली. आता गाडी मागून डाव्या अंगाला उचललेली दिसते, स्पीडब्रेकरवर आदळते आणि सिग्नलवरून जोरात काढली की उजवं चाक जागेवरच फिरतं. नक्की किती ठेवू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: मेकॅनिकची चूक नाही हो, घोळ त्या शब्दात आहे. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो म्हणून पॅसेंजर साइड म्हटलं की आपला हात आपोआप डावीकडे जातो, पण तिकडे ड्रायव्हर डावीकडे, म्हणजे ते लोक उजव्या बॅगेबद्दल बोलतायत. तुमची हवा बरोबर उलटी भरली गेलीये.

उजवीकडेच का, ते सांगतो. जोरात ॲक्सिलरेटर दिला की प्रॉपेलर शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या, जोरामुळे मागचा ॲक्सल डावीकडे दाबला जातो आणि उजवीकडे उचलला जातो, बॉडी मात्र उलटी पिळते, डावी पुढची बाजू वर येते आणि उजवी मागची खाली बसते. उजव्या बॅगेत जरा जास्त हवा असली की ती बॉडीला टेकू देते आणि उजव्या टायरवर वजन टिकतं. तुमच्याकडे डाव्या बॅगेने ॲक्सलचं वजन आधीच डाव्या चाकावर नेलंय, त्यामुळे हलकं झालेलं उजवं चाक फिरणारच, त्यात दोन चाकांत ताकद वाटणारा डिफरेन्शियल साधा असेल तर बघायलाच नको.

पण हा सगळा खटाटोप ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीसाठी. तुम्ही काही लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर निघाला नाहीत ना, मग रस्त्यावर दोन्ही बाजू सारख्याच ठेवा असं माझं स्पष्ट मत आहे. एका बाजूला जास्त हवा ठेवून कात्रजचा घाट उतरायचा म्हणजे डावं वळण एक वागणार आणि उजवं दुसरं, ब्रेक मारताना गाडी ओढेल ते वेगळंच, आणि पावसात तर हा खेळ नकोच.

आता आकडा. गाडी रिकामी, सपाट जागेवर, सावलीत उभी करा आणि दोन्ही बॅगांत 5 पीएसआय ठेवा. त्याच्या खाली जाऊ नका, ढिली बॅग स्प्रिंगच्या वेटोळ्यांत चिमटून फाटते. मग चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने दोन्हीकडे मोजा आणि लिहून ठेवा. घरची मंडळी मागे बसवा, डिक्कीत सामान टाका, गाडी खाली बसेल, ती परत त्याच मापाला येईपर्यंत थोडी थोडी हवा भरा. तो तुमचा आकडा, दुसऱ्या कुणाचा नाही. मंडळी उतरली की हवा परत 5 ते 8 वर आणा, नाहीतर रिकामी गाडी आदळणारच, 25 ठेवून तेच होतंय तुमचं. आणि 5 लाच दोन्हीकडची मापं जुळत नसतील तर हवेने झाकू नका, स्प्रिंग खचलीये का ते आधी बघा.

भरायला सायकलचा पंप घ्या. पेट्रोल पंपावरच्या मशीनने बॅग क्षणात 35 च्या पुढे जाते. बॅगेत हवा असते एवढीशी, गेज लावून काढला की फुस्स करून दोन-तीन पीएसआय तिथेच जातात, म्हणून उगाच दहादा तपासू नका, दोन पीएसआय जास्त भरून मग एकदाच बघा. एका रात्रीत एकच बाजू बसली तर वॉल आणि नळीच्या जोडावर साबणाचं पाणी लावा, आणि सायलेन्सरचा पाइप बॅगेच्या किंवा नळीच्या जवळून जात नाही ना हे गाडीखाली वाकून स्वतः बघा, उष्णतेने रबर जातं. वॉल वेगळे आहेत ते तसेच राहू द्या, टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून एकत्र करायला कुणी सांगितलं तरी नको, वळणावर दाबलेल्या बाजूची हवा दुसरीकडे पळते आणि गाडी जास्तच कलते.

आणि एक करा, दोन्ही वॉलजवळ पांढऱ्या पेंटने ‘डा’ आणि ‘उ’ लिहून ठेवा. पुढच्या मेकॅनिकला पॅसेंजर साइड हा शब्द सांगूच नका.