कोल्हापूरहून जानेवारीत अंटार्क्टिकाच्या जहाज सफरीला जायचे आहे. जाड कोट इथूनच घ्यावा का?

कोटाची घाई करू नये. त्याआधी पाणी आत न झिरपणारी पँट आणि अंगालगतचे लोकरी कपडे घ्यावेत, कारण जानेवारीत अंटार्क्टिक द्वीपकल्पावर तापमान शून्य अंशाच्या आसपास असते आणि खरा त्रास रबरी होडीतून किनाऱ्यावर जाताना अंगावर उडणाऱ्या पाण्याचा होतो. महाद्वार रोडवर मिळणारे सुती कपडे आत घालू नयेत. सूत भिजले की लवकर वाळत नाही. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधली ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला साधारण दोन दिवस लागतात, तेव्हा उलटीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून हातातल्या बॅगेतच ठेवाव्यात. पन्हाळ्यावर वापरलेले जॅकेट नेणार असाल तर वेल्क्रोत अडकलेली कुसळे वेचून काढावीत, कारण परके बी तिथे जाऊ नये म्हणून कपडे तपासले जातात. पार्का म्हणजे टोपी असलेला जाड कोट आणि गमबूट अनेक जहाजांवर मिळतात, परंतु सर्वच कंपन्या ते देत नाहीत, म्हणून आरक्षणाची कागदपत्रे वाचूनच कोटाचे ठरवावे.