‘इ.स.पू. पाचव्या शतकाचा उत्तरार्ध’ म्हणजे नेमकी कोणती वर्षे?

प्रश्न असा आहे: अथेन्सच्या पार्थेनॉनचे बांधकाम ‘इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात’ झाले असे वाचले आणि पुढे वर्षे दिसली ४४७ ते ४३२. पन्नासच्या आतले आकडे उत्तरार्धात कसे? ही छपाईची चूक तर नव्हे?

चूक नाही. इसवी सनापूर्वी काळ पुढे सरकतो तसा आकडा उतरत जातो. पाचवे शतक ५०० साली सुरू होते आणि ४०१ साली संपते. म्हणून पूर्वार्ध ५०० ते ४५१ आणि उत्तरार्ध ४५० ते ४०१. मॅरेथॉनची लढाई (४९०) पूर्वार्धात येते, पार्थेनॉन उत्तरार्धात. पूर्वार्ध म्हणजे काळाने आधीचा अर्धा भाग, लहान आकड्यांचा नव्हे, एवढे पक्के धरले की घोळ होत नाही.

सालावरून शतक काढायचे तर शेवटचे दोन अंक झाकायचे आणि उरलेल्यात एक मिळवायचा. अलेक्झांडर वारला ३२३ साली. तीन अधिक एक, म्हणजे चौथे शतक. शेवटी दोन शून्ये असली तर काही मिळवायचे नाही, ५०० हे साल पाचव्याच शतकातले. ही रीत इ.स. आणि इ.स.पू. दोन्हींना लागू पडते. सहस्रकाचेही तसेच: इ.स.पू. तिसरे सहस्रक म्हणजे ३००० ते २००१.

खरी गफलत होते ती इ.स.पू. आणि इ.स. यांमधली सीमा ओलांडताना. ही कालगणना इ.स. सहाव्या शतकात डायोनिसियस एक्झिग्युअस या मठवासीयाने मांडली आणि तिच्यात शून्य साल नाही, इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते. म्हणून सीमेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन सालांमधले अंतर काढताना दोन्ही आकड्यांची बेरीज करून एक वजा करायचा. रोमन सम्राट ऑगस्टस जन्मला इ.स.पू. ६३ च्या सप्टेंबरात, वारला इ.स. १४ च्या ऑगस्टमध्ये. ६३ अधिक १४ म्हणजे ७७, वजा एक ७६. त्या वर्षीचा वाढदिवस यायचा होता, म्हणून वय ७५. ही वजाबाकी भलेभले विसरतात. मॅरेथॉनच्या लढाईची अडीच हजार वर्षे ग्रीसमध्ये २०१० साली साजरी झाली, हिशेबाने ती २०११ मध्ये भरत होती.

खगोलशास्त्रज्ञ मात्र गणिताच्या सोयीसाठी शून्य साल धरतात. त्यांचे ० म्हणजे आपले इ.स.पू. १. त्यामुळे ग्रहणांच्या कोष्टकात −५८४ दिसले तर ते इ.स.पू. ५८५ समजायचे. जुन्या ग्रंथातली घटना ग्रहणाशी ताडून पाहणाऱ्यांनी इथे फार सांभाळावे.

‘ख्रि.पू.’ किंवा ‘सा.यु.पू.’ (सामान्य युगपूर्व) लिहिले तरी आकडा तोच राहतो. सालाआधीचे ‘सु.’ म्हणजे सुमारे. नकल करताना ते गाळू नये, नाहीतर अंदाजाची तारीख पक्की होऊन बसते. राजाच्या नावापुढच्या कंसात ‘कार.’ असेल तर ती वर्षे कारकिर्दीची, आयुष्याची नव्हेत. आणि इ.स.पू. मध्ये दुसरे साल आखडून ‘४४७–३२’ असे कधीही लिहू नये. इ.स. १९१४–१८ मध्ये ते चालते, कारण १८ हे साल १९१४ च्या आधी येत असल्याने तो अर्थ संभवतच नाही. इ.स.पू. ३२ हे मात्र ४४७ नंतरचे खरेखुरे साल आहे आणि वाचणारा चारशे वर्षे पुढे जाऊन पडतो.